पाडकामाची नोटीस आली, तर पहिले पंधरा दिवस महत्त्वाचे

न्यायमूर्ती भूषण गवई १४ मे २०२५ रोजी सरन्यायाधीश झाले, तेव्हा आपल्या वस्त्यावस्त्यांत आनंद झाला. या पदावर पोहोचलेले ते पहिले बौद्ध. पण त्याआधी, १३ नोव्हेंबर २०२४ रोजी, त्यांनी न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्यासह बुलडोझर कारवाईबाबत दिलेला निकाल आपल्यापैकी किती जणांनी वाचला आहे? जुन्नर नगरपरिषद किंवा मंचर नगरपंचायत एखाद्याच्या घराला पाडकामाची नोटीस लावेल, तेव्हा उपयोगी पडेल तो हाच निकाल.

निकाल आपोआप अमलात येत नाही, हे नागपूरने दाखवले. मार्च २०२५ मधील दंगलीनंतर तिथे एका आरोपीच्या कुटुंबाचे घर महापालिकेने पाडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच दिवशी, २४ मार्चला, स्थगिती दिली. पण आदेश येईपर्यंत घर जमीनदोस्त झाले होते. पुढे महापालिकेने न्यायालयात बिनशर्त माफी मागितली. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांची अधिकाऱ्यांना माहितीच नव्हती, असे कारण दिले. निकालाला तेव्हा चार महिने झाले होते. महापालिकेची ही अवस्था असेल, तर तालुक्याच्या ठिकाणी काय अपेक्षा ठेवायची?

म्हणून निकाल काय सांगतो, ते आपल्याला पाठ हवे. नोटीस रजिस्टर पोस्टाने पाठवायची आणि बांधकामावरही चिकटवायची. उत्तरासाठी किमान पंधरा दिवस द्यायचे. स्थानिक कायद्यातली मुदत जास्त असेल तर ती लागू; नोटिशीवर चोवीस तास लिहिले असले तरी पंधरा दिवस मिळतातच. नोटिशीची माहिती जिल्हाधिकारी कार्यालयाला ई-मेलने द्यायची, म्हणजे मागची तारीख टाकता येत नाही. प्रत्यक्ष सुनावणी घ्यायची. अंतिम आदेशात आपले म्हणणे, ते का फेटाळले आणि पाडण्याशिवाय दुसरा मार्ग का नाही, हे लिहायचे. त्यानंतरही आणखी पंधरा दिवस थांबायचे. हे डावलणाऱ्या अधिकाऱ्यावर न्यायालयाच्या अवमानाची कारवाई होऊ शकते आणि भरपाई त्याच्या खिशातून वसूल होऊ शकते.

आपली बाजू या मुदतीतच मांडायला हवी. नोटीस एमआरटीपी कायद्याच्या कलम ५३ खाली असेल, तर बांधकाम कायम ठेवण्यासाठी कलम ४४ नुसार अर्ज करता येतो, पण नोटिशीच्या मुदतीतच. प्रत्येक कागदाची आवक-जावक शाखेतून पोच घ्या. नुसती घरपट्टीची पावती पुरत नाही. घरपट्टी भरल्याने बांधकाम अधिकृत ठरत नाही. दिवाणी दाव्याला याच कायद्याच्या कलम १४९ चा अडथळा येतो, म्हणून बहुतेक प्रकरणे रिट याचिकेने उच्च न्यायालयात जातात. कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाले असले तरी पुणे जिल्हा त्यात नाही. आपल्याला मुंबईच गाठावी लागते. जेसीबी दारात आल्यावर मुंबईच्या वकिलाला फोन करून घर वाचत नाही.

पैशांचे काय? १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीमुळे अनुसूचित जातीतून धम्मात आलेल्या बौद्धांनाही हा हक्क आहे. पश्चिम पट्ट्यातल्या महादेव कोळी आणि ठाकर बांधवांनाही आहे. जुन्नर आणि घोडेगावच्या न्यायालयात विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो.

मात्र खोटी आशा दाखवणे बरोबर नाही. रस्ता, पदपथ, नदी किंवा जलाशयालगतचे बेकायदा बांधकाम असेल, किंवा पाडण्याचा आदेश न्यायालयानेच दिला असेल, तर हे संरक्षण लागू नाही. चिखलीत इंद्रायणीच्या पूररेषेतले ३६ बंगले मे २०२५ मध्ये पाडले गेले, कारण हरित लवादाचा आदेश सर्वोच्च न्यायालयानेही कायम ठेवला होता. कुकडी, मीना आणि घोड नदीच्या काठावर राहणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. विहार किंवा समाजमंदिर बांधतानाही जागेचे कागद आणि परवानगी आधी पाहावी.

आपल्या तरुण मंडळांनी एक काम आजच करावे. या निकालाची प्रत निवेदनासोबत मुख्याधिकाऱ्यांना द्यावी आणि पोच जपून ठेवावी. मग उद्या कुणालाही ‘आम्हाला माहीत नव्हते’ असे म्हणता येणार नाही. घर बौद्धाचे असो, आदिवासीचे असो की मुस्लिमाचे, ती पोच सगळ्यांच्या कामी येईल.