नॉन-कम्प्लायंट कोण?

मावशीच्या फाइलवर डॉक्टरांनी इंग्रजीत एक शब्द लिहिला होता: नॉन-कम्प्लायंट. म्हणजे सांगितलेलं न ऐकणारी. मावशीला इंग्रजी येत नाही. कित्येक महिने ती तो शब्द पिशवीत घालून करोल बागेतून बसने दवाखान्यात जात राहिली. घरातली पहिली पदवीधर मी, आणि मीही फाइल उशिराच उघडली.

तिचं ‘न ऐकणं’ काय होतं ते आधी सांगते. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, केमो झाली. गाठ स्त्री-हार्मोनवर पोसणारी होती, रिपोर्टात याला ईआर पॉझिटिव्ह म्हणतात. म्हणून टॅमॉक्सिफेन २० मिलिग्रॅम, रोज एक, पाच वर्षं. ओपीडीत हे सांगून झालं एका मिनिटात. दुसऱ्या वर्षी तिने गोळी सोडली. चार घरी स्वयंपाक करणारी बाई; गॅससमोर उभी असताना अंगातून गरम वाफा निघायच्या, ब्लाउज घामाने चिंब व्हायचा, आणि मालकीण म्हणायची, जमत नसेल तर दुसरी बघू का? मला तिने विचारलं, “कॅन्सर तर कापून काढला ना बाई, मग हे कशापायी?”

हा प्रश्न अडाणी नाही. अगदी नेमका आहे. गाठ काढली तरी कॅन्सरच्या काही पेशी शरीरात दडून राहिलेल्या असू शकतात आणि इस्ट्रोजेन मिळालं की वाढू शकतात. टॅमॉक्सिफेन त्यांच्यापर्यंत ते पोचू देत नाही. हजारो बायकांवरच्या चाचण्यांचा एकत्र हिशोब २०११ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला: अशा कॅन्सरमध्ये पाच वर्षं गोळी घेतली तर पंधरा वर्षांतले त्या कॅन्सरचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने घटतात. आणि गोळी काही सोन्याची नाही. देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, स्वस्त आहे. तुटवडा होता तो दोन वाक्यं समजावून सांगणाऱ्या माणसाचा.

ही गोळी मधेच सोडणाऱ्या बायका अमेरिकेत आणि इंग्लंडातही भरपूर आहेत. तिथे त्यावर अभ्यास होतात, निबंध निघतात. त्यांना साइड-इफेक्ट होतात. आपल्या बायांना मात्र ‘सवयच असते’. “ही माणसं औषध पुरं करत नाहीत” हे “यांची पोरं शिकत नाहीत”चं सख्खं भावंडं आहे. आधी सांगायचं नाही, मग माहीत नसल्याचा ठपका ठेवायचा. शाळेत आपण हे भोगलंय, ओपीडीत ओळखू आलं नाही इतकंच.

फाइलमध्ये आणखी एक गोष्ट सापडली. “मन लागत नाही” म्हणाली म्हणून गल्लीतल्या डॉक्टरने तिला फ्लुओक्सेटिन दिलं होतं. हे औषध, आणि पॅरॉक्सेटिनही, यकृतात टॅमॉक्सिफेनचं काम करणारं रूप तयार होण्याच्या आड येतं, म्हणून दोन्ही एकत्र देणं टाळतात. व्हेन्लाफॅक्सिनसारखा पर्याय आहे, तो गरम वाफांवरही चालतो. पण मनाच्या गोळ्या आपल्या आपण बंद करायच्या नाहीत, डॉक्टरकडूनच बदलून घ्यायच्या. रक्त पातळ करायचं वॉरफरिन चालू असेल तर तेही आधी सांगायचं.

शेजारणीची लेट्रोझोल उसनी घेण्याचा प्रकारही मी पाहिलाय. ती पाळी कायमची गेलेल्यांसाठी असते. पाळी चालू असेल तर अंडाशयाचं काम थांबवल्याशिवाय ती उपयोगाची नाही, आणि केमोने थांबलेली पाळी परत येऊ शकते. लेट्रोझोलने हाडं ठिसूळ होतात, त्यांची तपासणी मागून घ्या. टॅमॉक्सिफेनवर असताना एक पाय सुजून दुखला, अचानक धाप लागली, तर थेट कॅज्युअल्टी. पाळी गेल्यावर अंगावरून रक्त गेलं तर लाजून घरी बसायचं नाही. दिवस राहू द्यायचे नाहीत, पण त्यासाठी हार्मोनच्या गर्भनिरोधक गोळ्याही चालत नाहीत; तांबी चालते. एखादी गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत.

हे सगळं मला मावशीच्या आजाराआधी माहीत नव्हतं. एमए झाल्यावरही नाही.

बामसेफची स्थापना १९७८ साली दिल्लीत झाली. कांशीराम यांचं कार्यालय याच करोल बागेत, रैगरपुऱ्यात होतं. शिकलेल्या नोकरदारांनी समाजाचं देणं फेडावं, हे तिथलं म्हणणं. आपण ते देणं वर्गणीत आणि जयंतीच्या भाषणांत फेडलं. आईची, मावशीची फाइल उघडून वाचणं कुणी त्यात धरलं नाही. आपल्या कार्यकर्त्या पुरुषांना तर स्तन हा शब्दही बैठकीत उच्चारवत नाही. दवाखान्याशी भांडायचंच आहे: सूचना आपल्या भाषेत छापून द्या, तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्या, म्हणजे रोजी बुडणार नाही. पण ते भांडण फाइल वाचलेल्या माणसालाच करता येतं.

मी सोबत गेले, प्रश्न कागदावर लिहून नेले. डॉक्टर चिडले, मग बसले, मग नीट बोलले. मनाची गोळी बदलली, टॅमॉक्सिफेन पुन्हा सुरू झाली. मावशी आता रात्री झोपताना घेते, म्हणते वाफा झोपेतच निघून जातात. फाइलवरचा तो शब्द अजून तसाच आहे. पुढच्या तारखेला मी तो खोडून मागणार आहे, सहीसकट.