दापोलीची सहल: आधी जेवणाची वेळ ठरवा, मग ठिकाणे

सुट्टी जवळ आली की दापोलीला जाणाऱ्या कुटुंबांची यादी जवळजवळ ठरलेली असते. सकाळी आसूदचा केशवराज, मग मुरुड-कर्देचा किनारा, हर्णैहून बोटीने सुवर्णदुर्ग, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती आणि संध्याकाळी पुन्हा हर्णै बंदरात मासळीचा लिलाव. सगळे एका दिवसात! यादी तरुण मंडळी करतात, पण गाडीत आजी-आजोबाही असतात आणि त्यांच्यापैकी एखाद्याला मधुमेह असतोच. माझे मत स्पष्ट आहे. घरात मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणारे कुणी असेल तर सहलीचा दिवस त्यांच्या जेवणाच्या वेळेवरून आखावा. ठिकाणे मग बसतील तेवढी बसवावीत.

असे का, ते सांगतो. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. तुम्ही जेवलात की नाही, याची त्या वाट बघत नाहीत. सकाळी आठला पोहे खाऊन गोळी घेतली, केशवराजच्या पायऱ्या चढून-उतरून झाल्या, पुळणीत नातवंडांमागे चालणे झाले आणि जेवायला तीन वाजले, तर रक्तातली साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली जायला एवढे पुरते. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना हा धोका फारच कमी. पण अनेकांच्या एकाच गोळीत दोन्ही औषधे असतात आणि घरात तिला फक्त 'शुगरची गोळी' म्हणतात. निघण्यापूर्वी पाकिटावरची नावे वाचा.

किनाऱ्यावर हे ओळखणे आणखी अवघड होते. साखर उतरल्याचे पहिले लक्षण म्हणजे दरदरून घाम. कोकणातल्या दमट हवेत घाम सगळ्यांनाच फुटलेला असतो आणि तो वाळतही नाही. आजोबा गप्प झाले, उगाच चिडले, बोलताना अडखळले, तर 'उन्हाने दमले' म्हणून त्यांना गाडीत झोपवले जाते. हे सर्वांत धोक्याचे. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉल चालू असेल तर हाताची थरथर आणि छातीतली धडधडही नीट जाणवत नाही, घाम तेवढा येतो.

अशा वेळी ग्लुकोमीटर हाताशी असेल तर साखर तपासा, नसेल तर वाट पाहू नका. तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. १५ मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच द्या आणि नंतर पोटभर जेवण. माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. या गोळ्यांचा असर बराच वेळ टिकतो, त्यामुळे एकदा साखर उतरून सावरली तरी ती पुन्हा उतरू शकते. त्या दिवशी सुवर्णदुर्ग राहू द्यावा आणि डॉक्टरांशी बोलावे.

कोकणातल्या घरगुती खाणावळीत ताटे आधी सांगावी लागतात, हे तुम्हाला माहीतच असेल. न सांगता गेलात तर तासभर थांबणे आले. म्हणून सकाळीच फोन करून एकची वेळ ठरवा आणि ती पाळा. सोलकढी खुशाल प्या. कोकम सरबतात मात्र साखर असते, ते तहान लागली म्हणून ग्लासावर ग्लास नको. गोळी परस्पर बंद करण्याचा शहाणपणा तर मुळीच नको, डोस बदलायचा की नाही हे निघण्यापूर्वी विचारून घ्या.

आणखी एक गोष्ट बायका सांगत नाहीत. वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही या भीतीने आजी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर दुपारी उठताना चक्कर ठरलेली. त्यामुळे जेवणाची जागा निवडताना तिथले स्वच्छतागृह कसे आहे हेही फोनवर विचारा. लाजू नका, खाणावळवाल्या काकूंना हा प्रश्न नवा नसतो.

इन्सुलिन बंद गाडीत ठेवू नका, उन्हात तापलेल्या गाडीत ते खराब होते. ते आणि साखरेची पुडी ज्यांची त्यांच्याच पिशवीत असावी. बोटीत बसतानासुद्धा.