‘असं कुठे असतं का?’

वाचनालयाच्या काउंटरवर चाळिशीची एखादी गृहिणी विज्ञानकथांचा संग्रह परत करून दुसरा मागते, तेव्हा ग्रंथपाल सहज विचारतात, ‘‘मुलासाठी का?’’ पुस्तक स्वत:साठीच हवे आहे, हे सांगताना तिला उगीचच ओशाळल्यासारखे होते. घरीही फारसे वेगळे नसते. दुपारची झाकपाक आटोपून ती पुस्तक उघडते, तोच सासूबाई डोकावतात आणि मुखपृष्ठावरची उडती तबकडी पाहून म्हणतात, ‘‘असं कुठे असतं का?’’

गंमत अशी की, ‘चांदोबा’तल्या विक्रम-वेताळाच्या गोष्टी याच सासूबाईंनी मुलांना हौसेने वाचून दाखवलेल्या असतात. राजाच्या खांद्यावरचे प्रेत बोलते, हे तेव्हा कुणालाच खटकत नाही. अद्भुताची गोडी आपल्या घरांना नवी नाही. फक्त ती मुलांपुरती असावी, मोठ्यांनी ‘खरे’ काहीतरी वाचावे, असा आपला समज असतो.

पण या पुस्तकांमागची माणसे पाहिली, तर हा समज टिकत नाही. इंग्लंडच्या मेरी शेली यांनी ‘फ्रँकेन्स्टाइन’ लिहायला घेतली, तेव्हा त्या अवघ्या अठरा वर्षांच्या होत्या. 1818 मध्ये ती कादंबरी प्रसिद्ध झाली, तीही लेखिकेच्या नावाविना! आपल्याकडे बंगालच्या रुकय्या सखावत हुसेन यांनी 1905 मध्ये ‘सुलतानाज् ड्रीम’ ही कथा लिहिली. तिच्यातल्या देशात पुरुष पडद्याआड राहतात, कारभार स्त्रिया पाहतात आणि स्वयंपाक सूर्याच्या उष्णतेवर होतो. ‘असं कुठे असतं का?’ हा प्रश्न थोडा फिरवून त्यांनी विचारला, ‘असं असतं तर?’

मराठीत हाच प्रश्न डॉ. जयंत नारळीकरांनी विचारला. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली. आपल्या नावाचे दडपण परीक्षकांवर येऊ नये, हा हेतू. कथेला पहिले बक्षीस मिळाले. जगभर नाव असलेल्या या खगोलशास्त्रज्ञाला कथा लिहिण्यात कधी कमीपणा वाटला नाही. पुढे 2021 मध्ये नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांना मिळाले. 2025 मध्ये ते गेले. कथा मात्र घरोघरी आहेत.

त्यांची पानिपतावरची कथा तर मराठी माणसाच्या दुखऱ्या जागेवरच बोट ठेवते. 14 जानेवारी 1761 रोजी विश्वासरावांना गोळी लागली आणि लढाईचे पारडे फिरले. कथेत ती गोळी त्यांना चाटून जाते, मराठे जिंकतात आणि हिंदुस्थानचा पुढचा सगळा इतिहास बदलतो. आपल्या काळातले इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अचानक त्या दुसऱ्याच मुंबईत जाऊन पोहोचतात. बदललेली गोष्ट एकच, पण तिच्यामुळे काय काय बदलेल, याचा हिशेब लेखकाने चोख ठेवला आहे.

विज्ञानकथेची खरी मजा या हिशेबात आहे. एक अशक्य गोष्ट लेखकाला मान्य करायची; पुढे मात्र त्याला सूट नाही. कुठे धागा सुटतो का, हे पाहत वाचक पाने उलटतो. परीकथेतही हेच. जादूच्या अंगठीने तीन इच्छा पुऱ्या होणार असतील, तर चौथी होता कामा नये; झाली तर लहान मूलही लगेच हरकत घेते. असे वाचन करणारा माणूस जगाकडे पाठ फिरवतो, असे कसे म्हणावे? आजूबाजूचे जे आहे ते असेच का आणि वेगळे असते तर काय, हा विचार त्याच्या अंगवळणी पडतो. संसारातल्या अडचणींतून वाट काढतानाही तो कामी येतो.

तेव्हा आवड असलेल्या गृहिणीने ओशाळण्याचे कारण नाही. मुलांसाठी भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न घरात असावा. स्वत:साठी नारळीकर, बाळ फोंडके असावेत. आणि एखाद्या दुपारी चहाच्या वेळी गंगाधरपंतांची गोष्ट सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवावी. चार पाने झाल्यावर वाचणे थांबवले, तर त्या बहुधा वेगळाच प्रश्न विचारतील, ‘‘अगं, मग पुढे काय झालं?’’