बोर्डिंगचे सोबती



बोर्डिंगमधला जुना सोबती घाटकोपर-मुलुंडला स्थायिक झालेला असतो. तीस वर्षांनी तो मेळाव्याला बोलावतो. "तो साहेब, मी मातीतच, जाऊन सांगू काय?" गावोगाव फिरताना हे मी ऐकतो.

संकोच सोडा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात काढलेले बोर्डिंग आठवा. सगळ्या जातींची पोरे तिथे एका पंक्तीला जेवली. त्यांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी गळ्यातले मंगळसूत्रही दिले. अशा पंक्तीत साहेब कोण नि शेतकरी कोण?

तेव्हा जरूर जा. घरच्या भुईमुगाच्या शेंगा न्या. पोरांची शिक्षणे, आटलेली विहीर, डोक्यावरचे कर्ज, सारे मोकळेपणी बोला. सोबत्यापाशी ओझे उतरवण्यात कमीपणा नाही.