जंतूंची काटकसर आणि तुमच्या ड्रॉवरमधली उरलेली स्ट्रिप

"डॉक्टर, दोन दिवसांत जळजळ थांबली, म्हणून गोळ्या बंद केल्या. उरलेल्या जपून ठेवल्यात." लघवीच्या जंतुसंसर्गाचे रुग्ण हे मोठ्या समाधानाने सांगतात. काटकसर चांगलीच, पण तुमच्यापेक्षा काटकसरी कुणीतरी तुमच्या मूत्राशयात बसलेलं असू शकतं.

या संसर्गाचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे ई. कोलाय हा जंतू. प्रथिनं 20 अमिनो आम्लांपासून बनतात. त्यातली 9 आपलं शरीर बनवू शकत नाही, ती डाळ, दूध, अंडी यांतून घ्यावी लागतात. ई. कोलाय मात्र सगळी 20 स्वतः बनवू शकतो. पण त्याला खर्च येतो, म्हणून आयतं मिळत असेल तर तो बनवत बसत नाही.

ट्रिप्टोफॅनचं उदाहरण घ्या. ते बनवणारी 5 जनुकं एका रांगेत असतात. ट्रिप्टोफॅन भरपूर असेल तर ते स्वतःच एका प्रथिनाला चिकटतं, ती जोडी रांगेच्या तोंडाशी जाऊन बसते आणि कारखाना बंद होतो. साठा संपला की जोडी सुटते, काम पुन्हा सुरू. घरी डबा येतोय तोवर चूल पेटवायची नाही, असा हिशेब! लघवीतही अमिनो आम्लं आणि प्रथिनांचे बारीक तुकडे असतात. ते आत ओढून हा जंतू मूत्राशयात वाढतो.

आता टंचाई आली तर? अमिनो आम्लं कमी पडली की प्रथिनं बनवणारं यंत्र, म्हणजे रायबोसोम, मध्येच अडतं. मग जंतू धोक्याची घंटा असलेला एक छोटा रेणू तयार करतो. नवी रायबोसोम बनवणं थांबतं, वाढ मंदावते, आणि असलेली शक्ती अमिनो आम्लं बनवण्याकडे वळते. असा सुस्तावलेला जंतू औषधाला चुकवू शकतो, कारण पेनिसिलिनच्या कुळातली औषधं जंतू आपली भिंत बांधत असतानाच घाव घालतात. जो बांधतच नाही, तो वाचतो. जोसेफ बिगर यांनी 1944 मध्ये पेनिसिलिनमधून बचावलेले असे मूठभर जंतू पाहिले होते. ते प्रतिरोधक नव्हते. त्यांची पुढची पिढी त्याच पेनिसिलिनने मरत होती.

म्हणून माझं स्पष्ट मत: जळजळ थांबली हा गोळ्या बंद करण्याचा निकष नाही. जळजळ कमी होते ती बहुसंख्य जंतू मेल्यामुळे. राहिलेल्यांना तुमची प्रतिकारशक्ती संपवते, पण तिला वेळ हवा. याचा अर्थ कोर्स लांबलचक हवा असाही नाही. साध्या संसर्गाला काही औषधं 3 किंवा 5 दिवसच पुरतात, आणि उगाच वाढवलेले दिवस आतड्यातल्या निरुपद्रवी जंतूंना छळतात. दिवस ठरवायचे ते औषध आणि आजार पाहून.

दोष फक्त रुग्णांचा नाही. वारंवार त्रास होणाऱ्याला युरीन कल्चर न करताच नवी स्ट्रिप लिहून देणारे आम्हीही आहोत. दर वेळी जुनेच जंतू परततात असंही नसतं. पुष्कळदा आतड्यातून नवे आलेले असतात, आणि त्यांना मागच्या वेळचं औषध लागू पडेलच असं नाही.

तेव्हा पुढच्या वेळी ड्रॉवरमधली ती स्ट्रिप गिळू नका, सोबत घेऊन या. आणि पहिली गोळी घेण्याआधी लघवीचा नमुना द्या.