घड्याळ घाम मोजायला विकलं, आणि बिघडलं तर दोष म्हणे घामाचा!

मित्रहो, आजची पोस्ट एका मनगटी पट्ट्याबद्दल आहे. हसू नका. शेवटपर्यंत वाचा, मग हसा.

डॉक्टरांनी शुगर सांगितली आणि रोज चालायला लावलं. घरच्यांनी ऑनलाइन फिटनेस बँड मागवून दिला. पावलं मोजतो, ठोके मोजतो, झोप मोजतो. सात महिने नीट चालला. मे महिन्यात एका संध्याकाळी चार्जिंगला लावला तर स्क्रीन काळीच. केबल काढली, लावली, दुसऱ्या बोर्डात लावली. काही नाही.

कस्टमर केअरला फोन लावला. पंधरा मिनिटं गाणं ऐकवलं. मग एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, फोटो पाठवा." पाठवला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: चार्जिंगच्या पिनांवर घामामुळे गंज दिसतो, सबब हे वॉरंटीत बसत नाही. नवीन बँड घेतला तर सवलत देऊ.

मी तो मेसेज तीनदा वाचला. अहो, जाहिरातीत घामाने निथळणारा पोरगा दाखवता, डब्यावर पोहण्याचं चित्र छापता, आणि मी चालताना घामेजलो म्हणून वॉरंटी गेली? उद्या छत्री विकाल आणि म्हणाल, पावसात उघडली म्हणून फाटली, आमची जबाबदारी नाही!

माझं एक वेळ सोडा. मी पत्रकार, चार लोकांना फोन करू शकतो. पण त्याच आठवड्यात पोस्टल ग्राऊंडवर पोलीस भरतीची तयारी करणारा एक पोरगा भेटला. १६०० मीटरची वेळ सुधारायची म्हणून त्याने असाच बँड घेतला होता. आईच्या कापूस वेचणीच्या मजुरीतून वाचवलेल्या पैशांतून. त्याचा बँडही चार्ज होईना. मला म्हणाला, "भाऊ, कंपनीवाले म्हणतात नवीन घ्या. मले का पैसे झाडाले लागले हायेत का?"

त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्या शंभर जणांसाठी आधी कामाचं सांगतो. भांडण नंतर.

बँड चार्ज होत नसेल तर फेकण्याआधी हे करून पाहा:

१) पिना बघा. बँडच्या मागच्या बाजूला दोन किंवा जास्त छोटे धातूचे ठिपके असतात, चार्जरला त्याच्या जोडीच्या स्प्रिंगवाल्या पिना असतात. घामातलं मीठ तिथे सुकून थर बसतो. त्यात ओला बँड तसाच चार्जिंगला लावला की वीज आणि मीठपाणी मिळून धातू खातात. हिरवट-पांढरी बुरशी दिसते ती हीच. मऊ, कोरड्या ब्रशने साफ करा. निघालं नाही तर मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे आयसोप्रोपिल अल्कोहोल असतं, कापसाच्या बोळ्याने त्याचा एक हात फिरवा, पूर्ण वाळू द्या. सुई, ब्लेड, पॉलिश पेपर वापरू नका. वरचा मुलामा गेला की पुढे गंज दुप्पट वेगाने येतो.

२) चार्जर बदलून बघा. बँडला वीज फार थोडी लागते. बऱ्याच पॉवर बँकांना वाटतं काही जोडलंच नाही, आणि त्या आपोआप बंद पडतात. घरातला जुना साधा पाच व्होल्टचा मोबाईल अडॅप्टर किंवा कॉम्प्युटरचं पोर्ट वापरा.

३) वाट बघा. बँड दोन-तीन महिने कपाटात पडून होता? मग बॅटरी पार खाली गेलेली असते. अशा वेळी आतलं सर्किट मुद्दाम अगदी थोडा प्रवाह सोडतं आणि स्क्रीन काळीच राहते. अर्धा-पाऊण तास लावून ठेवा. पाच मिनिटांत "मेला" म्हणू नका.

४) आपलं ऊन लक्षात घ्या. लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते, म्हणून बहुतेक उपकरणं गरम झाल्यावर स्वतःच चार्जिंग थांबवतात. यवतमाळच्या मे महिन्यात टिनाच्या खोलीत, खिडकीत ठेवलेला बँड चार्ज झाला नाही तर तो बिघडला असेलच असं नाही. रात्री, पंख्याखाली लावून बघा.

५) स्क्रीन वर उचलल्यासारखी दिसते, मागचं झाकण फुगलंय? मग चार्जिंगला अजिबात लावू नका, दाबू नका, टोचू नका. बॅटरी फुगली आहे, पेट घेऊ शकते.

माझा बँड पहिल्याच उपायाने सुरू झाला. बसस्टँडजवळच्या मोबाईल दुरुस्तीवाल्याने दहा मिनिटांत पिना साफ करून दिल्या आणि पन्नास रुपये घेतले. कंपनीच्या लेखी जी वस्तू संपली होती, ती पन्नास रुपयांत जिवंत झाली.

त्या पोराचं नशीब मात्र तसं नव्हतं. त्याच्या चार्जरची केबल आतून तुटली होती. हे चुंबकवालं चार्जर बहुतेक कंपन्यांचं वेगळं, अनेकदा त्याच कंपनीच्या मागच्या मॉडेलचंही पुढच्याला चालत नाही. यवतमाळात मिळालं नाही, ऑनलाइन "उपलब्ध नाही". दुरुस्तीवाला म्हणाला, "भाऊ, मी मदरबोर्ड नीट करतो, पण हे दोन रुपयांची तार मले भेटत नाई. बॅटरीबी भेटत नाई. उघडाले गेलं तर गोंदानं चिपकवून ठेवलं हाये."

बँड चांगला, बॅटरी चांगली, पोराचे पाय चांगले. फक्त एक तार नाही म्हणून अख्खी वस्तू कचरा.

आता भांडणाकडे वळू.

हा अपघात नाही, धंद्याची रीत आहे. फोनचं चार्जर एकसारखं करायला सरकारांना कंपन्यांशी भांडावं लागलं. युरोपियन युनियनने कायदा केला आणि २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे फोन, टॅब्लेट, हेडफोन, कॅमेरे अशा वस्तूंना यूएसबी टाइप-सी सक्तीचं झालं. पण आकार लहान म्हणून स्मार्ट घड्याळं आणि बँड त्यातून सुटले.

आपल्याकडे नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाच्या बैठकीत फोन-लॅपटॉपसाठी टाइप-सीवर एकमत झालं. अंगावर घालायच्या उपकरणांना एकच चार्जर शक्य आहे का हे तपासायला वेगळा उपगट नेमायचं ठरलं. मग मे २०२५ मध्ये, कोणती वस्तू किती सहज दुरुस्त होते याचा निर्देशांक ठरवणाऱ्या समितीने आपला अहवाल दिला. त्यात सुरुवात कशापासून? स्मार्टफोन आणि टॅब्लेट. बँड पुन्हा बाहेर!

म्हणजे जिथे जिथे नियमाची गोष्ट निघते तिथे मनगट सोडून बाकी सगळ्याचा विचार होतो. आणि याच वस्तू गावोगाव विकल्या जातात, कारण त्या स्वस्त आहेत. स्वस्त वस्तू घेणारा माणूस भांडत नाही हे कंपनीला पक्कं माहीत आहे. दोन हजारांसाठी कोण कोर्टात जातो?

काही जण म्हणतील, बँड पाण्यात टिकायचा तर तो बंदच हवा, उघडता कसा येईल? मान्य. पण आपल्या साध्या मनगटी घड्याळाचा सेल शंभर वर्षं नाही तरी पन्नास वर्षं चौकातला घड्याळजी बदलून देतोच आहे. रबराची रिंग बदलतो, झाकण दाबतो, घड्याळ पुन्हा पाण्यात चालतं. अडचण तंत्राची असती तर ती सुटली असती. आणि बॅटरीचं एक वेळ सोडा, बाहेरच्या केबलला कोणतं पाणी लागतं? ती का मिळत नाही?

दुसरे म्हणतील, "काय राजेहो, इथं कापसाला भाव नाही, शेतकरी जीव देतो, आणि तुम्ही घड्याळाचं रडगाणं लावलं?" हा प्रश्न मला जास्त जवळचा वाटतो, म्हणून उत्तरही देतो. बॅटरीवरचा फवारणी पंप घरोघरी आहे ना? त्याचं चार्जर जळालं, बॅटरी बसली की काय होतं? ऐन फवारणीत दुकानदार म्हणतो, "हे मॉडेल बंद झालं, नवीन पंप घ्या." ही तीच गोष्ट आहे. केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी जी चार क्षेत्रं निवडली त्यात पहिलं नाव शेती अवजारांचं आहे; मग मोबाईल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचं पोर्टलही सुरू झालं. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. सुटे भाग, नकाशे, माहिती दिली नाही तर कंपनीला दंड, असं बंधन आपल्याकडे अजून आलेलं नाही. बँडचा पट्टा आणि पंपाचा पट्टा, दोन्ही आपल्याच गळ्यात आहेत.

आणि मनगटी घड्याळ हा फक्त हौसेचा विषय आहे असंही समजू नका. शेजारच्या नागपुरात महापालिकेने सफाई कामगारांच्या हातात जीपीएस घड्याळं बांधली. हजेरी त्यावर. यंत्राने चुकीची नोंद केली की पगाराला कात्री लागते, अशा कामगारांच्या तक्रारी तेव्हा बातम्यांत आल्या होत्या. उद्या ही पद्धत आपल्या नगर परिषदेत आली तर? घड्याळ चार्ज झालं नाही म्हणजे माणूस गैरहजर? पहाटे चारला झाडू हातात घेणाऱ्या बाईने मग कोणत्या कस्टमर केअरचं गाणं ऐकत बसायचं? ज्या वस्तूवर माणसाची मजुरी ठरते, ती वस्तू गावात दुरुस्त होणार की नाही हे आधी ठरलं पाहिजे.

आता हातात काय आहे ते सांगतो. ओरडून फक्त घसा बसतो.

बिल जपून ठेवा, ऑनलाइन असेल तर ते उतरवून ठेवा. कंपनीशी बोलणं फोनवर नको, ई-मेल किंवा चॅटवर करा आणि त्याचे फोटो काढून ठेवा. "घामामुळे वॉरंटी नाही" हे वाक्य लेखी मिळालं तर ते सोनं आहे, कारण वस्तू कशासाठी विकली हे त्यांच्याच डब्यावर छापलेलं असतं.

मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. पुष्कळ कंपन्या इथेच नरमतात. नाही नरमल्या तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक फार मोठी सोय केली, जी आपल्याकडे कित्येकांना ठाऊक नाही: कंपनीचं ऑफिस बंगळुरूला असो की गुरुग्रामला, तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते. म्हणजे उमरखेडच्या, वणीच्या, झरीच्या माणसाला यवतमाळलाच दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही. वकील सक्तीचा नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही दाखल होते. मुदत दोन वर्षांची. सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणं ही याच कायद्यात अनुचित व्यापार प्रथा म्हटली आहे.

तारखा पडतात, वेळ लागतो, हे मलाही माहीत आहे. पण दोन हजारांसाठी कोणी येणार नाही या हिशोबावर ज्यांचा धंदा चालतो, त्यांचा हिशोब बिघडवायचा तर दोन हजारांसाठीच जावं लागेल.

आणि आपल्या खासदार-आमदारांना, जे दर निवडणुकीत "युवकांचे प्रश्न" म्हणतात, त्यांना तीन साध्या गोष्टी विचारा. एक, अंगावर घालायच्या उपकरणांना एकसारखं चार्जर कधी? दोन, विक्री बंद झाल्यावरही ठरावीक वर्षं केबल, बॅटरी, सुटे भाग मिळतील असं बंधन कधी? तीन, बॅटरी कचऱ्याचे नियम २०२२ मध्ये आले, जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली. मग आपल्या तालुक्याच्या गावी फुगलेली बॅटरी नेऊन द्यायची तर कुठे? आज ती कचरा डेपोवर जाते, तिथे पेटते, आणि धूर आपण खातो.

बाकी त्या पोराचं काय झालं? दुरुस्तीवाल्याने एका जुन्या, मेलेल्या बँडचं चार्जर शोधलं, पिना थोड्या सरकवल्या, रबर बँडने बांधलं आणि चार्जिंग सुरू झालं. दिसायला ओबडधोबड, पण चालतं. शंभर रुपये मागितले होते, भरतीचं ऐकून तेही घेतले नाहीत.

ज्या देशात असा कारागीर चौकाचौकात बसलेला आहे, तिथे "नवीन घ्या" हा सल्ला देणाऱ्यांना लाज वाटली पाहिजे. त्याला फक्त सुटे भाग द्या. बाकी तो बघून घेईल.

तुमचाही बँड, पंप, मिक्सर असाच "नवीन घ्या" म्हणून पडला असेल तर खाली लिहा. काय वस्तू, किती महिन्यांत बिघडली, काय उत्तर मिळालं. फोन नंबर आणि बिल इथे टाकू नका, मला इनबॉक्स करा. पन्नास तक्रारी जमल्या की आपण मिळून आयोगाची पायरी चढू.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर भांडा, पण आधी पिना साफ करून बघा.