शुश्रूषा आणि विद्या

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस, १२ मे, हा जागतिक परिचारिका दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी ठिकठिकाणी दीपप्रज्वलन होते, शपथ घेतली जाते आणि परिचारिकांवर 'सेवेची मूर्ती', 'ममतेचा सागर' अशा विशेषणांचा वर्षाव होतो. विशेषणांशी कोणाचे भांडण असण्याचे कारण नाही. तथापि, ज्या समाजाला परिचारिकेची माया दिसते पण विद्या दिसत नाही, तो तिच्या व्यवसायाचा गौरव करीत नसतो. त्याला घरकामाचाच विस्तार मानीत असतो. परभणीसारख्या जिल्ह्याला हा गैरसमज परवडणारा नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार आहे. जिंतूर, पालम वा सोनपेठ तालुक्यांतील आडगावच्या गरोदर स्त्रीची पहिली गाठ पडते ती उपकेंद्रातील परिचारिकेशी. पुढे ती स्त्री रुग्णालयात दाखल झाली तरी डॉक्टर तिला फेरीच्या वेळी पाहतात. उरलेला दिवस आणि सारी रात्र तिच्यावर नजर असते ती परिचारिकेचीच.

गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके आलेल्या स्त्रीचे उदाहरण घ्यावे. अशा स्त्रीला मॅग्नेशियम सल्फेट देतात. औषध डॉक्टर लिहून देतात, हे खरे. परंतु पुढची प्रत्येक मात्रा देण्यापूर्वी गुडघ्यावर ठोकले असता पाय उडतो काय, श्वास मिनिटाला १६ च्या खाली तर गेला नाही ना, लघवी ताशी निदान ३० मिलिलिटर होते आहे काय, हे तपासावे लागते. यातील एक खूण जरी बिघडली तरी मात्रा रोखून डॉक्टरांना बोलवावयाचे आणि उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवावयाचे. मात्रा अकारण चुकली तर झटके पुन्हा येतात. न तपासता दिली तर श्वास थांबू शकतो. रात्री दोन वाजता हा निवाडा परिचारिका करते. त्याला सेवा अवश्य म्हणावे. पण तो ज्ञानाधिष्ठित निर्णय आहे, हे आधी मान्य करावे.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांची कहाणी महाराष्ट्र विसरलेला नाही. नोव्हेंबर १९७३ मधील पाशवी हल्ल्यानंतर मे २०१५ मध्ये निधन होईपर्यंत, म्हणजे सुमारे ४२ वर्षे, तेथील परिचारिकांनी त्यांना सांभाळले. इतकी वर्षे शय्येवर काढूनही त्यांच्या अंगावर शय्याव्रण नव्हते, याची दखल सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालातही आहे. लोकांनी त्यात प्रेम पाहिले, ते योग्यच. परंतु शय्याव्रण केवळ प्रेमाने टळत नाहीत. ठरल्या वेळी कूस बदलणे, त्वचेवरची पहिली लाली ओळखणे, पोषणाचा हिशेब ठेवणे आणि हे सारे एका पाळीने दुसऱ्या पाळीच्या हवाली न चुकता करणे, यानेच ते टळतात. हीच परिचर्येची विद्या होय.

'शुश्रूषा' या शब्दाचा मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा' असा आहे. आपण तो आज्ञा ऐकण्यापुरता घेतला; रुग्णाचे ऐकणे, त्याच्या शरीराच्या खुणा ऐकणे, हा अर्थ बाजूला पडला. परिचारिकेने स्वतःची बुद्धी वापरली तर शिस्त बिघडेल, असा आक्षेप कोणी घेतील. पण वैद्याची जागा तिला द्या, असे येथे कोणीच म्हणत नाही. तिने टिपलेली नोंद फेरीच्या वेळी वाचली जावी आणि तिने दिलेल्या इशाऱ्याला उत्तर मिळावे, इतकीच अपेक्षा आहे.

ही जाण पदविकेबरोबर आपोआप येत नाही. अमेरिकन परिचर्या-तज्ज्ञ पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मधील आपल्या ग्रंथात नवशिकेपणापासून प्रावीण्यापर्यंतच्या पाच पायऱ्या दाखविल्या. त्या चढावयाच्या तर सारख्या प्रकारचे रुग्ण वर्षानुवर्षे पाहावे लागतात. ज्या विद्यार्थिनीने शिक्षणकाळात भरलेला कक्ष नीट पाहिला नाही, किंवा जिची नेमणूक अकरा महिन्यांच्या कंत्राटाची आहे, तिने या पायऱ्या कशा चढाव्यात? कक्षातून कक्षात फिरविली जाणारी परिचारिका वयाने ज्येष्ठ होईल, कौशल्याने होईलच असे नाही.

परभणीत २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण कक्षात तीन खाटांमागे एक परिचारिका असावी, हा भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक आहे. नवे महाविद्यालय म्हणजे नवी इमारत आणि नवे प्राध्यापक एवढाच अर्थ न घेता, हा दंडक पाळणे, प्रसूती व नवजात कक्षांतील अनुभवी परिचारिकांना तेथेच स्थिर ठेवणे आणि त्यांच्याकडून नवख्यांना शिकविणे, हाही त्याचाच भाग मानला पाहिजे. परिचारिकांनीही अधिकाराबरोबर येणारी जबाबदारी स्वीकारली पाहिजे. न पाहता लिहिलेली नोंद ही स्वतःच्या व्यवसायाशी प्रतारणाच ठरते.

परिचारिकांच्या मनात आपल्या कामाविषयी स्वाभिमान नांदावा, असे सर्वांनाच वाटते. तो गुलाबपुष्पांनी येणार नाही. आपल्या शब्दावर उपचाराची दिशा बदलू शकते, हा अनुभव ज्या दिवशी तिला येईल, त्या दिवशी तो येईल. आणि त्याचा पहिला लाभ आडगावाहून मध्यरात्री आणलेल्या एखाद्या मातेला होईल.